घाट चढताना टर्बो डिझेल गाडी दम सोडते, कोड पी0087: पंप आणि इंजेक्टर बदलण्याआधी काय तपासावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. 1.3 मल्टिजेट इंजिनची टर्बो डिझेल गाडी, 2013 ची, दीड लाख किलोमीटरच्या आसपास चाललेली. गावात आणि हायवेवर ऐंशीच्या स्पीडला काहीच तक्रार नाही. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात, चार माणसं आणि सामान असलं की, तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावताच गाडी एकदम दम सोडते. चेक लाइट लागते, आरपीएम पुढे जात नाहीत. बाजूला घेऊन चावी बंद करून परत स्टार्टर मारला की पहिल्या फेऱ्यात चालू होते आणि गाडी नीट. स्कॅनरवर पी0087, म्हणजे रेलमधलं (चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीतलं) प्रेशर कमी. गॅरेजने हाय प्रेशर पंप आणि चारही इंजेक्टर बदलायला सांगितलेत, खर्च 80 हजारांच्या वर जातोय. ते करून टाकावं का, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता लगेच करू नका. पंप किंवा इंजेक्टर खराब नसतीलच असं मी म्हणत नाही, ते निघूही शकतात. पण तुम्ही सांगितलेल्या माहितीवरून ते सिद्ध होत नाही. त्यापेक्षा खूप स्वस्तातल्या चार-पाच गोष्टी अगदी हीच लक्षणं दाखवतात.

आधी कोडचा अर्थ नीट बघू. पी0087 एवढंच सांगतो की ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) रेलमध्ये जेवढं प्रेशर मागितलं, तेवढं काही सेकंद मिळालं नाही. कोणामुळे मिळालं नाही, हे तो सांगत नाही. डिझेल टाकीतल्या जाळीतून टाकीतल्या पंपात, तिथून लाइनने फिल्टरला, फिल्टरमधून हाय प्रेशर पंपाला, तिथून रेलला आणि रेलमधून इंजेक्टरला जातं. उरलेलं रिटर्नने परत टाकीत येतं. या वाटेवर कुठेही अडलं, गळलं किंवा हवा शिरली तरी कोड हाच येतो. त्यामुळे कोड वाचून पार्ट ठरवता येत नाही. दोष हाय प्रेशर पंपाच्या अलीकडच्या लो प्रेशर बाजूला आहे की पंपापासून पुढच्या हाय प्रेशर बाजूला, हे आधी ठरवावं लागतं. सगळं निदान या एका प्रश्नावर उभं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी नेमकं तेच न करता थेट महागड्या टोकाला हात घातला जातो.

आता घाटातच का होतं ते पाहा. समजा तुमची गाडी ऐंशीने जाताना लिटरला 22 किलोमीटर देते. म्हणजे तासाला साडेतीन-पावणेचार लिटर डिझेल जळतं. तेच इंजिन टर्बोच्या पूर्ण बूस्टवर (टर्बो हवा दाबून भरतो तो दाब) सगळी ताकद लावतं तेव्हा तासाला 15 लिटरच्या आसपास मागतं. टर्बोने हवा जास्त दिली की ईसीयू डिझेलही वाढवतो. त्यासाठी इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो आणि रेलचं प्रेशरही चढवतो. आयडलवर जे 250 ते 350 बारच्या घरात असतं, ते या पिढीच्या कॉमन रेलमध्ये पूर्ण लोडवर 1300-1400 किंवा त्याच्याही वर नेलं जातं. शिवाय हाय प्रेशर पंपाला स्वतःच्या वंगणासाठी आणि थंडाव्यासाठी डिझेल लागतं ते वेगळं. अर्धवट तुंबलेला फिल्टर तासाला चार-पाच लिटर बिनतक्रार देतो, पंधरा लिटर देऊ शकत नाही. सपाट रस्त्यावर ट्रायल मारून ‘गाडी ओके आहे’ म्हणणाऱ्याला हा दोष दिसणारच नाही.

चावी बंद-चालू केल्यावर गाडी सुधारते, यावरून ‘इलेक्ट्रॉनिक प्रॉब्लेम असणार’ असा अंदाज बरेच जण बांधतात. तसं नसतं. मागितलेल्या आणि मिळालेल्या प्रेशरमधली तफावत ठराविक मर्यादेबाहेर गेली की ईसीयू लिंप मोड लावतो, ताकद बांधून टाकतो. चावी बंद केली की तो बांध सुटतो. मूळ दोष जिथे होता तिथेच राहतो आणि पुढच्या चढाला परत उभा राहतो.

पहिली खात्री करायची ती दोष डिझेलचाच आहे, हवेचा नाही, याची. इंटरकूलरची होज फाटली असेल, क्लिप ढिली असेल किंवा टर्बोच्या ॲक्च्युएटरचा पाइप सुटला असेल, तरी गाडी घाटात खेचत नाही आणि मालकाचं वर्णन अगदी तुमच्यासारखंच असतं. फरक धुरात दिसतो. हवा कमी आणि डिझेल पुरेसं असेल तर मागे काळा धूर सुटतो, होज फाटली असेल तर फुसफुस आवाजही येतो. डिझेलच कमी पडत असेल तर धूर नसतो, गाडी नुसती मरगळते. मागच्या गाडीतल्या माणसाला धूर बघायला सांगा. कोडमध्येही फरक असतो: बूस्ट कमी पडला तर सहसा पी0299 येतो. तुमच्याकडे एकटा पी0087 आहे आणि धुराचा उल्लेख नाही, म्हणून मी डिझेलच्या बाजूला झुकतोय.

मग खरं काम सुरू होतं. आमच्याकडे अशी गाडी आली की गॅरेजमध्ये उभी करून तपासण्यात मी वेळ घालवत नाही. स्कॅनर लावतो, चालवायला एकजण आणि स्क्रीन बघायला दुसरा, आणि चढावर जिथे त्रास होतो तिथेच ट्रायल मारतो. (चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही, हे घाटात तरी पाळाच.) चार आकडे एकत्र रेकॉर्ड करायचे: मागितलेलं रेल प्रेशर, मिळालेलं रेल प्रेशर, बूस्ट, आणि प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्हची ड्यूटी, म्हणजे ईसीयू त्या व्हॉल्व्हला किती जोराने चालवतोय ते, टक्क्यांत. तुमच्याकडे ब्लूटूथचा छोटा ॲडॅप्टर असेल तर मोबाइलवर मिळालेलं रेल प्रेशर बहुतेक दिसेल. तो आकडा किलोपास्कलमध्ये असतो, 100 ने भागलं की बार. 30,000 दिसले तर 300 बार. मागितलेलं प्रेशर मात्र साध्या ॲपमध्ये सहसा दिसत नाही. त्यासाठी गॅरेजचा चांगला स्कॅनर लागतो, आणि तेवढ्यासाठी तो शोधायचा त्रास घेणं परवडतं.

या आलेखात तीन प्रकार दिसतात. मागितलेलं आणि मिळालेलं दोन्ही प्रेशर एकत्रच खाली आलं, तर रेल निर्दोष आहे. ईसीयूनेच मागणी कमी केली, म्हणजे हवा, बूस्ट किंवा दुसऱ्या एखाद्या सेन्सरकडे बघा. मागणी 1300 वर आणि मिळालेलं 900 ला अडकलं, व्हॉल्व्हची ड्यूटीही टोकाला जाऊन बसली, तर ईसीयू जीव तोडून मागतोय आणि समोरून येतच नाही, म्हणजे खरा पुरवठ्याचा किंवा गळतीचा दोष. आणि मिळालेलं प्रेशर क्षणात 1200 वरून 200, लगेच परत 1200 असं उड्या मारत असेल, तर ते डिझेलचं काम नाही. डिझेलचं प्रेशर इतक्या वेगाने ये-जा करत नाही. तिथे रेल प्रेशर सेन्सर, त्याचा कनेक्टर किंवा वायर बघायची.

सेन्सर खोटं बोलतोय का, हे तपासणं सोपं आहे आणि फुकट आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर इंजिन चालू न करता नुसती चावी ऑन करा. रेलमध्ये तेव्हा प्रेशर उरलेलं नसतं, आकडा शून्याच्या जवळ हवा. साधारण अशा सेन्सरचा सिग्नल या वेळी अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो. बंद इंजिनवर 50-60 बार दाखवत असेल तर त्या सेन्सरच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवू नका.

आता दोष खरा पुरवठ्याचा आहे असं धरू. इथून पुढे तुमच्या गाडीची रचना कोणती, यावर बरंच अवलंबून आहे. काही गाड्यांत टाकीतला इलेक्ट्रिक पंप डिझेल पुढे ढकलतो, तिथे फिल्टरजवळ काही बार प्रेशर असतं. काहींत टाकीत पंपच नसतो, हाय प्रेशर पंपाच्या पोटातला छोटा गिअर पंप टाकीतून डिझेल ओढतो. पहिल्या प्रकारात लाइन कुठे फुटली तर डिझेल बाहेर टपकतं. दुसऱ्या प्रकारात टपकत काहीच नाही, उलट लाइन एअर घेते. हा फरक माहीत नसेल तर माणूस गळती शोधत राहतो आणि कोरड्या पाइपाला निर्दोष ठरवतो. तुमच्या प्रकारच्या गाडीत सहसा टाकीत इलेक्ट्रिक पंप असतो. चावी ऑन केल्यावर मागच्या बाजूने काही क्षण बारीक गुणगुण ऐकू येते का, ते शांत जागी ऐका.

तो आवाज आला म्हणजे पंप चांगला, असं मात्र नाही. फिल्टर आणि हाय प्रेशर पंप यांच्यामध्ये टी (तीन तोंडांचा जोड) लावून लो प्रेशरचं गेज बसवायचं, नळी काचेबाहेर काढून गेज वायपरखाली नीट बांधायचं, आणि तोच चढ परत चढायचा. आयडलवरचा आकडा फारसा उपयोगाचा नाही. बघायचं ते जोर लावल्यावर काटा काय करतो. रेलचं प्रेशर पडायच्या आधी किंवा त्याच क्षणी लो प्रेशरचा काटा खाली आला, तर हाय प्रेशर पंपाला आणि इंजेक्टरला हात लावायचं कारणच उरत नाही. त्यांना वरून डिझेलच मिळत नाहीये. काटा स्थिर राहून रेल पडली, तरच पलीकडे जायचं.

काटा पडला तर पहिला संशय फिल्टरवर. तो कधी बदललाय आणि कुठला टाकलाय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जुना फिल्टर काढल्यावर तसाच फेकून देऊ नका. त्यातलं डिझेल पांढऱ्या भांड्यात ओता, दहा मिनिटं राहू द्या आणि उजेडात बघा. तळाशी पाण्याचे थेंब वेगळे झालेले दिसतील, काळपट चिकट गाळ दिसेल, किंवा काहीच नसेल. पावसाळ्यात पाणी सापडणं नवल नाही. चिकट गाळ सापडला तर टाकी उतरवून आतली जाळीही बघावी लागते, नाहीतर नवा फिल्टर थोड्याच दिवसांत परत तुंबतो. गाडी नेहमी पाव टाकीच्या खाली चालवत असाल तर हेही सांगा. घाटातल्या वळणांवर कमी डिझेल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. टाकी भरलेली असताना हा त्रास कमी होतो का, एवढ्या एका उत्तरानेही बरीच दिशा मिळते.

फिल्टर नवा टाकूनही काटा पडत असेल तर पंप मागवण्याआधी त्याला वीज किती मिळते ते मोजा. इथे फार फसगत होते. कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला तर 12 व्होल्ट दिसतातच, कारण करंट वाहतच नसतो. मोजायचं ते कनेक्टर जोडलेला, इंजिन चालू, पंप फिरताना. बॅटरीवर 14 व्होल्ट असताना पंपाच्या पिनवर 11 च मिळत असतील तर बाकीचे तीन वाटेत कुठेतरी जळताहेत. असाच एक कनेक्टर माझ्या डोळ्यांसमोर आहे: अर्थची पिन निळसर काळवंडलेली, तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक बिस्किटासारखं तपकिरी होऊन वितळलेलं, आणि बाकी तीन पिना नव्यासारख्या चकचकीत. त्या गाडीलाही हाय प्रेशर पंप बदलायचा सल्ला मिळालेला होता. नवी पिन, नवी अर्थ वायर आणि रिले बदलून ती गाडी घाटात नीट खेचायला लागली. रिलेचे काँटॅक्ट आणि अर्थचा बोल्ट हे दोन्ही बघितल्याशिवाय टाकीतला पंप खराब ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे.

हवेचा संशय असेल तर फिल्टरनंतर फूटभर पारदर्शक डिझेल होज तात्पुरती जोडा आणि इंजिन चालवून बघा. नुकत्याच जोडलेल्या होजमधून सुरुवातीला बुडबुडे जातात, ते धरू नका. गाडी गरम झाल्यावरही बुडबुड्यांची रांग चालूच असेल तर लाइन एअर घेतेय. फिल्टरचा ओ-रिंग, क्विक कनेक्टर, पाणी काढायचा ड्रेन स्क्रू या तीन जागा आधी.

लो प्रेशर बाजू पूर्ण निर्दोष निघाली, तरच हाय प्रेशरकडे. इथे थांबून एक गोष्ट सांगतो, ती गंभीरपणे घ्या. चालू इंजिनवर हाय प्रेशरचा कुठलाही नट ढिला करायचा नाही. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत पाइप ढिला करून कुठला सिलिंडर मिस होतोय ते बघायची पद्धत होती. कॉमन रेलवर ते करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. हजार बारचं डिझेल कातडीतून आत शिरतं, जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते आणि आतलं मांस सडायला लागतं. गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची. असं कधी झालंच तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरांना ‘प्रेशरचं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं.

हाय प्रेशर बाजूला प्रेशर हरवायच्या मुख्य जागा म्हणजे इंजेक्टरचं रिटर्न, प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्ह आणि पंप स्वतः. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट बाहेर काढायच्या आधी, गाडीवरच होते. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून चार मोजपट्टीच्या बाटल्यांत सोडायच्या, मूळ रिटर्न लाइनचं तोंड बंद करायचं, गरम इंजिन ठराविक वेळ चालवायचं आणि बाटल्या शेजारी ठेवून बघायचं. तीन बाटल्या सारख्या आणि चौथीत दुप्पट-तिप्पट डिझेल असेल तर तो इंजेक्टर आतून गळतोय. चारही सारख्याच पण जास्त भरल्या, तर कंपनीच्या आकड्याशी ताडून बघावं लागतं. एक सावधगिरी: ही पद्धत सोलेनॉइड (चुंबकी कॉइलने उघडणाऱ्या) इंजेक्टरसाठी आहे. पिएझो (विजेने फुगणाऱ्या क्रिस्टलने उघडणाऱ्या) इंजेक्टरना रिटर्नमध्ये ठराविक प्रेशर लागतं, त्यांची नळी अशी मोकळी सोडली तर ते नीट चालतच नाहीत आणि चांगला इंजेक्टर खराब ठरतो.

तुमच्या वर्णनातून मला एक गोष्ट इथे उपयोगी वाटते. इंजेक्टर किंवा पंप आतून झिजलेला असेल तर गरम गाडी चालू व्हायला सहसा त्रास देते. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटींतून जास्त निसटतं आणि स्टार्टर फिरवताना रेलमध्ये इंजेक्टर उघडायला लागणारं प्रेशर बनायला वेळ लागतो. घाटात बंद पाडून लगेच स्टार्टर मारला तरी तुमची गाडी पहिल्या फेऱ्यात चालू होते, असं तुम्ही लिहिलंय. हा पुरावा पक्का नाही, पण चारही इंजेक्टर एकदम गेलेत या म्हणण्याच्या विरोधात नक्कीच जातो.

पंप खरोखर गेलाय असं ठरलंच तर नवा बसवण्याआधी प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्ह आणि फिल्टर उघडून चमकी बघा. पंपाच्या आतलं धातू झिजून त्याची बारीक चांदीसारखी पूड डिझेलमध्ये आली असेल तर ती रेलमध्ये आणि इंजेक्टरमध्येही पोहोचलेली असते. त्या अवस्थेत नुसता पंप बदलला तर नव्या पंपाबरोबर जुनी पूडही फिरत राहते. मग रेल, पाइप, टाकी सगळं साफ करावं लागतं आणि खर्च खरोखर मोठा होतो. चमकी नसेल तर घाबरायचं कारण नाही. आणि इंजेक्टर बदललेच तर बऱ्याच गाड्यांत इंजेक्टरच्या डोक्यावर छापलेला कोड स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. तो न भरता गाडी दिली तर आयडल खडबडतं आणि मालक समजतो की नवे इंजेक्टरही खराब निघाले.

ज्यांच्या टर्बो पेट्रोल गाड्या आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर फवारणाऱ्या) टर्बोमध्ये, उदाहरणार्थ 1.8 लिटरच्या जुन्या ऑक्टाव्हियात, इंधनाच्या प्रेशर रेग्युलेटरला मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या भागातून) एक बारीक व्हॅक्यूम नळी येते. ती नळी काढल्यावर आयडलला 3 बार आणि जोडल्यावर अडीचच्या आसपास प्रेशर दिसतं. बूस्ट 1 बार आला की इंधनाचं प्रेशरही 1 बारने वाढायला हवं. ती नळी तडकली असेल तर आयडलला काही कळत नाही, पण बूस्टमध्ये मिश्रण पातळ होतं. पेट्रोलमध्ये ते धोक्याचं आहे, नॉकिंग होऊन (मिश्रण अवेळी भडकून) पिस्टन वितळू शकतो. डिझेलमध्ये इंधन कमी पडलं तर ताकद जाते, पण इंजिन असं भाजत नाही. म्हणून पेट्रोल टर्बो बूस्टमध्ये अडखळत असेल तर ‘बघू पुढच्या सर्व्हिसला’ म्हणू नका, जोर लावणं लगेच थांबवा.

तुमच्या गाडीपुरता माझा क्रम असा: बंद इंजिनवर सेन्सरचा शून्य, धूर आणि होज, मग चढावर स्कॅनर आणि लो प्रेशर गेज एकत्र. त्याच ट्रायलमध्ये बाजू ठरते. लो प्रेशर पडलं तर फिल्टर, जाळी, पंपाची वीज, हवा, आणि शेवटी टाकीतला पंप. नाही पडलं तर रिटर्न टेस्ट, व्हॉल्व्ह, आणि शेवटी हाय प्रेशर पंप. एखादा अनुभवी डिझेल पंप दुरुस्त करणारा हे सगळं दिवसभरात करून देतो. गॅरेजला सरळ विचारा की लो प्रेशर किती भरलं आणि रिटर्न टेस्टच्या चार बाटल्यांत किती-किती डिझेल आलं. आकडे दाखवले तर त्यांचं निदान ऐकण्यासारखं आहे. आकडे नसतील तर 80 हजार देऊ नका.

तोवर टाकी अर्ध्याच्या वर ठेवा. घाटात जावंच लागलं तर गिअर एक खाली घेऊन हलक्या पायाने चढा, आणि वळणावर किंवा ओव्हरटेक करताना पूर्ण जोर लावू नका, कारण गाडी नेमकी तिथेच ताकद सोडेल. फिल्टर कधी बदलला होता, टाकी भरलेली असताना काय होतं, आणि चढावरच्या ट्रायलमध्ये मागितलेलं-मिळालेलं रेल प्रेशर किती दिसलं, या तीन गोष्टी लिहून पाठवा. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.